वीज सरळ जात नाही



डोक्यावर लावलेल्या पट्ट्यांतून मेंदूला सौम्य वीज देतात; त्याबद्दल 'पट्टी लावली की तिच्या बरोबर खालचा मेंदू जागा होतो,' हे गेल्या अंकातल्या पत्रलेखकाचं म्हणणं पटलं नाही. दिलेल्या दोन मिलिअँपिअरपैकी बराचसा प्रवाह कवटीत शिरतच नाही. कातडीतूनच दुसऱ्या पट्टीकडे पसार होतो. आत उतरतो त्याला मेंदूभोवतीचा द्रव सोपी वाट देतो. म्हणून तर एमआरआयवरून प्रत्येक डोक्याचं संगणकी प्रारूप करतात. त्यात विजेचा जोर अनेकदा दोन पट्ट्यांच्या मधेच दिसतो! २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या न्यूयॉर्कच्या अभ्यासात अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूत तपासणीसाठी बसवलेल्या तारांवरून हा जोर मोजला, तर मीटरमागे एक व्होल्टही भरला नाही. शिवाय पट्टीखालचा मिठाच्या पाण्याचा स्पंज नीट पिळला नाही आणि ओघळ केसांतून कानाकडे गेला, की वीजही त्याच्या मागे.

– एक वाचक, पुणे