पोथी, काढा आणि टेस्टिंग

'जुन्या ग्रंथांत सगळं आहे' आणि 'सगळं थोतांड आहे', या दोन्ही पार्ट्यांना माझं एकच उदाहरण. चीनमध्ये सुमारे १६०० वर्षांपूर्वी गे हाँगने लिहिलं: तापावर छिंगहाओ ही वनस्पती पाण्यात भिजवा, पिळा, रस प्या. उकळा असं म्हटलंच नाही! १९७१ मध्ये तू यूयू यांनी नेमकं हेच हेरलं, कमी तापमानाला ईथरने अर्क काढला आणि त्यातून मलेरियावरचं आर्टेमिसिनिन मिळालं. २०१५ मध्ये नोबेल!

पण त्याच जातीच्या वनस्पतीचा चहा मलेरियावर घेऊ नका, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. कपागणिक डोस बदलतो आणि अर्धवट डोसाने मलेरियाचे परजीवी निर्ढावतात. तेव्हा मंडळी, आजीच्या काढ्याला हसू नका. पण थंडी वाजून ताप आला तर आधी रक्त तपासा.