वेटरला आधी सांगून टाकावं

इटलीहून परतलो तेव्हा सांगलीच्या आमच्या मोहल्ल्यात सगळ्यांचा एकच प्रश्न होता. "वां खाने का क्या करे जी?" कलोसियम केवढं आहे, व्हॅटिकन पाहिलं का, हे कुणाला पडलेलं नव्हतं. प्रश्नात चूक काही नाही. कार्बोनारा आणि अमात्रिचाना हे रोमचे दोन गाजलेले पास्ते, आणि दोन्हींचा जीव आहे ग्वांचालेत, म्हणजे डुकराच्या गालाच्या मांसात. अशा शहरात आठवडा काढायचा म्हणजे मुसलमान माणसाला धाकधूक असणारच.

निघण्यापूर्वी उपाय खूप जणांनी सुचवले. कबाबच्या दुकानांवर राहा. आचारी सोबत नेणाऱ्या टूरबरोबर जा. मी तिसराच उपाय काढला, खोटं बोलण्याचा. "आम्ही शाकाहारी आहोत," एवढं सांगायचं आणि मोकळं व्हायचं.

खरं सांगायचं तर ही सवय मला इटलीत लागलेली नाही. गेली काही वर्षं इथंही, अनोळखी गावात, रेल्वेच्या डब्यात, मी आधी शाकाहारी असतो आणि फारच गरज पडली तर मुसलमान. नजरा नकोत, वाद नको. तुमच्यापैकी अनेकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

रोममध्ये दुसऱ्याच रात्री हे खोटं अंगाशी आलं. घेवड्याचं दाट सूप मागवलं होतं. अर्धी वाटी संपल्यावर चमच्यात एक गुलाबी तुकडा आला. वेटरला विचारलं तर तो सहज म्हणाला, "थोडासाच, चवीपुरता." त्याच्या लेखी मी मांसाची डिश मागवली नव्हती, म्हणजे माझं शाकाहारीपण सांभाळलं गेलं होतं. मी चिडलो, पण कुणावर चिडणार? खरी गोष्ट मीच सांगितली नव्हती. बायकोनं चमचा ठेवला आणि एवढंच म्हणाली, "मुसलमान है बोलने में शरम आती क्या?"

दुसऱ्या दिवशी मी तीन वाक्यं पाठ केली. त्रास्तेवेरे भागातल्या एका छोट्या त्रात्तोरियात, म्हणजे घरगुती खाणावळीत, साठीच्या घरातल्या वेटरला ती धडाधड म्हणून दाखवली. "सियामो मुसुल्मानी. निएन्ते मायाले. निएन्ते व्हीनो." आम्ही मुसलमान आहोत, डुक्कर नको, दारू नको. छातीत धडधडत होतं, हे कबूल करतो.

तो क्षणभर थांबला. मग खिशातून पेन्सिल काढून माझ्याच मेन्यूकार्डावर काट मारत सुटला. हे नको, यात हॅम. हे नको, यात पांढरी वाइन. तिरामिसूपाशी अडला, आत जाऊन विचारून आला आणि तेही काटलं. त्यात रम होती. शेवटी 'काचो ए पेपे'वर बोट ठेवलं. शेवयांसारखा लांब पास्ता, मेंढीच्या दुधाचं पेकोरीनो चीज, काळी मिरी आणि पास्ता उकळलेलं पाणी, संपलं. इतक्या कमी जिनसांत इतकं चवदार मी क्वचितच खाल्लं असेल. जेवण येण्याआधी आतून एक तरुण बांगलादेशी आचारी सलाम करायला आला. रोमच्या स्वयंपाकघरांत बांगलादेशी आणि इजिप्शियन हात भरपूर आहेत, हे मला तेव्हा कळलं. सिनेमावर शिकलेल्या हिंदीत तो म्हणाला, "भाई, आपका पानी अलग बर्तन में।"

आपण मागणं म्हणजे त्रास देणं, असं आपल्याला वाटतं. तिथल्या जुन्या वेटरला मात्र तो आपल्या कामाचा भाग वाटतो. तिथं हे काम कितीतरी माणसं आयुष्यभर करतात, पगारावर करतात. टिपेसाठी मागं उभी राहत नाहीत आणि मागितल्याशिवाय बिलही आणत नाहीत. आपल्याकडं "ए पोऱ्या" म्हणून टेबलावर वाटी आपटायची रीत. त्या पोऱ्याला "यात काय काय घातलंय?" असं विचारलं तर तोच बिचारा गोंधळतो, कारण त्याला कुणी माणूस म्हणून काही विचारलेलंच नसतं. अर्थात हसून बोलणं हाही वेटरच्या पोटापाण्याचा भाग असतो. दोन जेवणांत दोस्ती झाली, असा दावा मी करणार नाही.

मांस खायचं असेल तर घेट्टोत जा, असं त्यानंच सुचवलं. 1555 मध्ये पोपनं रोमच्या यहुद्यांना ज्या वस्तीत कोंडलं, ती वस्ती. तिथल्या कोशर हॉटेलांत डुकराचा प्रश्नच येत नाही. अहले किताबचं जेवण चालतं की नाही यावर आपले उलेमा वाद घालत राहोत. आम्ही तिथं जाऊन ऑलिव्ह तेलात फुलासारखं उमलवून तळलेलं आर्टिचोक खाल्लं, आणि वाइनबद्दल तिथंही आधी विचारलं. सध्याच्या दिवसांत मुसलमानानं यहुद्याच्या हॉटेलात जावं का, असं एका मित्रानं नंतर विचारलं. मला वाढणारा माणूस राजकारण वाढत नव्हता, एवढंच मी त्याला म्हणालो.

शेवटचे दोन दिवस सिसिलीत, पालेर्मोला होतो. तोवर माझी तीन वाक्यं सराईत झाली होती. तिथल्या वेटरला ती ऐकून नवल वाटलं नाही. मुसलमानांनी दोन शतकं राज्य केलेलं हे बेट. मी त्याला अल् इद्रीसीबद्दल सांगितलं. राजा रॉजर दुसरा याच्या पदरी असलेल्या या मुसलमान भूगोलकारानं 1154 मध्ये पुऱ्या केलेल्या ग्रंथात नोंद केलीय, की पालेर्मोजवळच्या त्राबिया गावी 'इत्रिया', म्हणजे शेवया, भरपूर बनतात आणि मुसलमान व ख्रिस्ती मुलुखांत जहाजं भरभरून जातात. "त्राबिया? इथून अर्ध्या तासावर," तो म्हणाला, आणि तुमच्याकडं शेवया कशा करतात असं विचारलं.

मी फोनवर ईदच्या शीरखुर्म्याचा फोटो दाखवला.

"दुधात?" त्यानं विचारलं. हो. "साखर घालून?" हो, आणि खारीक, चारोळी. त्यानं फोन हातात घेतला, दुसऱ्या वेटरला हाक मारली, आणि दोघंही जण त्या फोटोकडं, कुणाचं तरी फार वाईट झाल्यासारखे बघत राहिले.