घराची ऊब, परक्याची किल्ली

घरातली ऊब घरच्या माणसांच्या हातात असली पाहिजे, एवढे एकच विधान मला या लेखात करावयाचे आहे. ते इतके साधे आहे की त्यासाठी दिवाळी अंकाची पाने खर्ची घालावयाचे कारण काय, असे कुणी विचारील. कारण असे की, अमेरिकेत आणि युरोपात असंख्य घरांच्या भिंतींवर आज वाय-फाय थर्मोस्टॅट नावाचे जे उपकरण बसले आहे, त्याने हे साधे विधान खोटे पाडावयास घेतले आहे. आणि हे उपकरण हौसेने, स्वतःच्या पैशाने आणि बहुधा स्वतःच्याच हाताने भिंतीवर बसविणाऱ्यांत आपली तिकडे गेलेली मराठी मुलेही आहेत.

थंड मुलखात घर गरम ठेवणे ही चैन नव्हे. मिनेसोटात किंवा न्यू जर्सीत जानेवारीचा पारा शून्याखाली उतरला आणि तळघरातली भट्टी बंद पडली, तर माणसे तर गारठतातच, पण भिंतीतले पाण्याचे नळही गोठून फुटतात. ही भट्टी केव्हा पेटावी आणि केव्हा विझावी हे ठरविणारे भिंतीवरचे लहानसे उपकरण म्हणजे थर्मोस्टॅट. जुन्या थर्मोस्टॅटच्या पोटात फारसे गूढ काही नसे. दोन निराळ्या धातूंची जोडपट्टी. उष्णतेने एक धातू अधिक प्रसरण पावे, दुसरा कमी, आणि पट्टी वाके. ती वाकली की काचेच्या कुपीतला पाऱ्याचा थेंब कलंडे, विजेचे मंडळ जुळे किंवा तुटे, आणि भट्टीला हुकूम पोहोचे. संपले शास्त्र!

या उपकरणाच्या जन्मकथेचा मला शाळामास्तर म्हणून थोडा अभिमानही वाटतो. वॉरन जॉन्सन हे विस्कॉन्सिन राज्यातील व्हाइटवॉटर येथे शिक्षक तयार करणाऱ्या विद्यालयात प्राध्यापक होते. वर्ग फार तापला की फार निवला, हे पाहण्यासाठी शिपाई वर्गावर्गांतून हिंडे आणि शिकविण्यात व्यत्यय येई. जॉन्सन यांनी युक्ती काढली. वर्गातल्या तापमानाची वर्दी विजेच्या घंटेने तळघरातल्या माणसाला पोहोचू लागली. १८८३ साली त्यांना तिचे पेटंट मिळाले. पुढे १९५३ साली हनीवेल कंपनीने हेन्री ड्रेफस यांनी आखलेला गोल थर्मोस्टॅट बाजारात आणला. भिंतीवर एक तबकडी. ऊब हवी तर एका बाजूस फिरवा, नको तर दुसऱ्या. ती घरच्या आजीला फिरविता येई, शेंबड्या नातवाला येई आणि काल आलेल्या पाहुण्यालाही येई. यात धनी कोण आणि चाकर कोण, याविषयी कुणाच्या मनात संशय नव्हता.

आता नवा अवतार पाहा. तो बसविण्याचा विधीच बोलका आहे. आधी विजेचा मुख्य स्विच पाडायचा. जुने उपकरण उतरवून कोणती तार कुठे होती त्याचा फोटो काढून ठेवायचा. ‘आर’ ही विजेची, ‘डब्ल्यू’ भट्टीची, ‘वाय’ थंडाव्याची, ‘जी’ पंख्याची. इथवर जुन्या आणि नव्यात भांडण नाही. मग शोध सुरू होतो तो ‘सी’ नावाच्या पाचव्या तारेचा. जुन्या तबकडीला तिची गरज नसे. नव्याला मात्र २४ व्होल्टचा अखंड पुरवठा हवा असतो, कारण त्याला सदैव जागे राहून घराबाहेर बोलावयाचे असते. जुन्या घरांत ही तार बहुधा नसतेच. मग कुणी भिंत पोखरून ती ओढतो, कुणी निराळा जोड बसवितो. म्हणजे पहिल्या चार तारा घराच्या सेवेसाठी, आणि पाचवीची सारी खटपट मुख्यतः परगावच्या बोलण्यासाठी!

तारा जुळल्या की भट्टी पेटेल असे भोळ्या माणसाला वाटते. तसे नाही. आता घरच्या वाय-फायचा परवलीचा शब्द उपकरणाला सांगायचा, कंपनीकडे आपल्या नावाचे खाते उघडायचे आणि कुणीही न वाचलेल्या अटींच्या भेंडोळ्याखाली ‘मान्य’ म्हणून बोट टेकवायचे. स्वतःच्या घरात स्वतःची भट्टी पेटविण्यासाठी दुसऱ्याच्या अटी मान्य करणारा गृहस्थ आपल्या आजोबांच्या पिढीला दाखविला असता, तर त्यांनी त्याला ‘भाडेकरू’ म्हटले असते. मी तोच शब्द वापरतो.

हा शब्द कडक वाटेल त्यांनी गेल्या काही वर्षांतील चार गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

नेस्ट नावाच्या कंपनीने २०११ साली आपला ‘शिकणारा’ थर्मोस्टॅट विकावयास काढला. २०१४ साली गूगलने ही कंपनी ३२० कोटी डॉलरना विकत घेतली. २०१६ च्या जानेवारीत, ऐन थंडीत, कंपनीने दुरून पाठविलेल्या सुधारणेतील दोषामुळे अनेक थर्मोस्टॅटांच्या बॅटऱ्या उतरल्या आणि माणसे गारठलेल्या घरात जागी झाली. रात्री झोपताना त्यांनी काही केले नव्हते. जे केले ते दुसऱ्याने, दुसऱ्या गावाहून.

दुसरी गोष्ट कोलोरॅडोची. ऑगस्ट २०२२ मधल्या एका उकाड्याच्या दिवशी एक्सेल एनर्जी या वीज कंपनीच्या सुमारे २२ हजार ग्राहकांनी घर थंड करावे म्हणून थर्मोस्टॅटला हात घातला, तो कळ वळेना. विजेची आणीबाणी आहे, असा निरोप पडद्यावर झळकत होता. या मंडळींनी बिलात सूट मिळते म्हणून एका योजनेत आपखुशीने नाव नोंदविले होते, हे खरे. एरवी मनात आले तर कंपनीचा आकडा खोडून आपला लावण्याची मुभा त्यांना असे, हेही खरे. पण त्या दिवशी ती मुभाच काढून घेतली गेली. सूट केवढी मिळाली हे त्यांना ठाऊक होते. विकले काय, हे त्या दिवशी कळले.

तिसरी गोष्ट ताजी आहे. २०११ व २०१२ सालच्या नेस्ट थर्मोस्टॅटांचा आधार गूगलने २५ ऑक्टोबर २०२५ पासून काढून घेतला. भिंतीवरची तबकडी अजून फिरते. पण ज्या फोनावरच्या सोयीसाठी माणसाने जादा पैसे मोजले होते, ती गेली. उपकरण मोडले नव्हते, झिजले नव्हते. मालकाचे मन तेवढे बदलले होते. अडगळीत पडलेली १९५३ ची तबकडी जोडली तर आजही चालेल.

चौथी सर्वांत दुःखद. जून २०१८ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने एक वृत्तांत छापला. घर सोडून गेलेले किंवा दूर बसलेले पुरुष फोनवरून घरातला थर्मोस्टॅट, कुलपे, दिवे चालवून आतल्या बायकांना कसे छळतात, याची त्यात हकीगत होती. उपकरण ज्याने बसविले त्याच्या नावावर खाते, आणि खाते ज्याचे, ऊबही त्याची. तबकडीला मालकाचे नाव नव्हते. म्हणून ती कुणाविरुद्ध वापरता येत नव्हती.

इथे मला आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांची आठवण होते. मुलाकडे सहा महिन्यांसाठी गेलेले आईवडील पुष्कळांच्या घरात आहेत. यांतली काही उपकरणे घरात कोण आहे हे फोनांवरून ओळखतात. मुलाचा फोन कचेरीत गेला, सुनेचा फोन गेला की घर रिकामे झाले असे समजून ती भट्टीला विसावा देतात. आतल्या खोलीत पोथी वाचीत बसलेली सासू हिशेबात येत नाही, कारण तिचा फोन त्यांच्या वहीत नोंदलेला नाही. ती स्वेटरवर शाल घेते, शालीवर रजई घेते. पण भिंतीवरच्या त्या काळ्या चकतीला हात लावीत नाही. मुलाचे काही बिघडले तर? संध्याकाळी मुलगा येतो तेव्हा घर पुन्हा उबदार झालेले असते, आणि आई काही बोलत नाही. ज्या घरात माणसांऐवजी फोनांची मोजदाद होते, त्या घराला शहाणे म्हणण्याची आपली तयारी आहे काय?

आता प्रतिपक्ष. बचत होते, असे सांगतात. अमेरिकी सरकारच्या एनर्जी स्टार योजनेच्या मते अशा उपकरणाने घर गरम-थंड ठेवण्याच्या खर्चात सरासरी ८ टक्के बचत होते. आकडा मी नाकारीत नाही. पण त्याच सरकारचे ऊर्जा खाते असेही सांगते की, दिवसाचे ८ तास तापमान ७ ते १० अंश फॅरनहाइट खाली ठेवले तर वर्षाकाठी १० टक्क्यांपर्यंत वाचतात. हे काम झोपायला जाताना तबकडी फिरविणारा कोणताही हात करू शकतो. आधीच्या पिढीतील वेळापत्रकी थर्मोस्टॅटांवरची एनर्जी स्टारची मोहोर २००९ च्या अखेरीस काढून घेण्यात आली, कारण लोक ती अपेक्षेप्रमाणे वापरीतच नव्हते. अर्थशास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियातील घरांत केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. त्यांतही या शहाण्या थर्मोस्टॅटांमुळे लक्षणीय बचत दिसली नाही, कारण माणसे यंत्राचा आकडा पुसून आपला लावीत होती. तात्पर्य, बचत सवयीत असते. ती खोक्यातून विकत आणता येत नाही.

दुसरे म्हणणे सोयीचे. परगावी असताना घर गोठू लागले तर फोनवर इशारा येतो. ही सोय खरी आहे, मोलाची आहे, आणि ती मी आनंदाने मान्य करतो. धुराने डोळे चुरचुरविणारा बंब पेटवून ज्यांच्या आयाआज्यांनी दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नानाचे पाणी तापविले, त्यांनी यंत्राची सोय नाकारण्याचे ढोंग करू नये. माझे भांडण सोयीशी नाही. सोयीच्या पोटात लपवून आणलेल्या धनीपणाशी आहे.

हा वाद साता समुद्रापलीकडचा म्हणून सोडून देण्यासारखाही राहिलेला नाही. पुण्या-मुंबईच्या दुकानांत फोनवरून चालणारे एअरकंडिशनर राजरोस विकले जात आहेत. आपल्या सरकारने १ जानेवारी २०२० पासून तारांकित एअरकंडिशनर सुरू होताना २४ अंशांवर असावेत असा नियम केला. पण पुढे आकडा बदलण्याचा हक्क ग्राहकाकडे ठेवला. जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहर लाल खट्टर यांनी २० ते २८ अंशांची मर्यादा घालण्याचा विचार बोलून दाखविला, तेव्हा घरोघरी त्यावर वाद झाला. होऊ द्या! सरकारचा नियम छापून येतो, त्यावर भांडता येते, मत देताना तो आठवता येतो. कंपनीने मध्यरात्री दुरून बदललेला नियम कोणत्या राजपत्रात वाचावा?

म्हणून मागणे चारच आहेत. वाय-फाय असो वा नसो, भिंतीवरच्या उपकरणाची कळ घरातल्या कोणत्याही हाताने वळली पाहिजे, आणि त्या हाताचा शब्द अखेरचा असला पाहिजे. किती वर्षे आधार मिळणार, ते खोक्यावर किंमतीशेजारी छापले पाहिजे. दुरून लावलेले कुलूप आतून उघडता आलेच पाहिजे. आणि खाते एकाचे नव्हे, त्या घरात राहणाऱ्या सर्वांचे असले पाहिजे. हे देणारी कंपनी निघाली तर तिचे उपकरण खुशाल बसवावे, त्यात वावगे काही नाही.

तोवर तिकडच्या मुलांनी एक गोष्ट आजच करावी. तिला पाचवी तारही लागत नाही. आईला हाताला धरून त्या चकतीपाशी न्यावे, ती कशी फिरवावयाची ते दाखवावे, आणि सांगावे, “आई, थंडी वाजली तर कुणाला विचारू नकोस.”