निधी कळला, काम कुठे अडले तेही कळू द्या
सदर : गावकारभार

लोणंदच्या बाजार समितीत कांद्याचे लिलाव झाले की आवक किती, किमान दर काय, कमाल काय आणि सरासरी काय हे त्याच दिवशी सगळ्यांना कळते. एक नंबर कांदा, गोल्टा, गोल्टी असा प्रतवारीप्रमाणे दर शेतकरी तोंडपाठ सांगतो. पण त्याच शेतकऱ्याला विचारा, की तुमच्या आळीच्या गटाराचे काम का थांबले? तुमच्या रस्त्याचे डांबरीकरण कोणत्या खात्याकडे आहे? तो खांदे उडवतो आणि म्हणतो, ‘आमदारांना माहीत असेल.’ त्याचे हे उत्तर चुकीचे नाही. प्रश्न एवढाच आहे, की आमदारांना जे माहीत असते ते त्याच्यापर्यंत नियमाने पोचते का?

लोणंदच्या बाबतीत हा प्रश्न जरा जास्तच टोकदार आहे. २०१६ साली इथे ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली. वाढत्या बाजारपेठेला, औद्योगिक वसाहतीला आणि रेल्वे स्टेशनाच्या गावाला ते साजेसेच होते. पण त्या बदलात एक गोष्ट हातची गेली, ती म्हणजे ग्रामसभा. वर्षातून किमान चार वेळा कोणताही मतदार उभा राहून सरपंचाला आणि ग्रामसेवकाला जमाखर्च विचारू शकत होता. उत्तर पटो न पटो, ते चारचौघांत द्यावे लागे. नगरपंचायतीच्या सर्वसाधारण सभेत नगरसेवक बोलतात, मुख्याधिकारी उत्तरे देतात. नागरिकाला तिथे तोंड नाही. गाव मोठे झाले आणि विचारण्याची जागा मात्र आकसली.

आता कारभार कुठे कुठे विखुरला आहे ते पाहा. लोणंदकराचे तहसील कार्यालय खंडाळ्याला, प्रांत वाईला, जिल्हाधिकारी आणि जिल्हा नियोजन समिती साताऱ्याला. नीरा उजव्या कालव्याचा कारभार फलटणहून चालतो, रेल्वेचे निर्णय पुणे विभागातून होतात. रस्त्यांचीही तीच गत. गल्लीतला रस्ता नगरपंचायतीचा, गावाबाहेरचा कधी सार्वजनिक बांधकाम विभागाचा, कधी जिल्हा परिषदेचा. त्यात पालखी मार्ग हा राष्ट्रीय महामार्ग. आळंदी ते पंढरपूर या पालखी महामार्गाच्या कामाची पायाभरणी नोव्हेंबर २०२१ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते झाली. पावसाळ्यात दुचाकी खड्ड्यात आदळली, तर तक्रार करायची कोणाकडे, हेच माणसाला उमगत नाही. नगरपंचायतीत गेले की सांगतात, तो रस्ता आमच्याकडे नाही. बांधकाम खात्यात गेले की सांगतात, तो भाग आता दुसऱ्या यंत्रणेकडे वर्ग झाला आहे.

या सगळ्या कचेऱ्यांशी एकाच वेळी संबंध असणारा लोकांनी निवडून दिलेला स्थानिक माणूस म्हणजे आमदार. नगरसेवकाचा हात नगरपंचायतीपुरता. जिल्हा परिषद सदस्याचे म्हणाल, तर साताऱ्यासह राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ तिथे प्रशासकच होते. त्या काळात तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांना विचारायला आमदाराखेरीज कोण उरले होते? म्हणूनच माझे म्हणणे आहे, की मतदारसंघात काम आणणे ही आमदाराची निम्मी जबाबदारी झाली. काम कोणाचे, कोणत्या टप्प्यावर आहे, कशामुळे अडले आणि पुढे कधी हलणार, हे लोकांना नियमाने, लेखी सांगणे ही उरलेली निम्मी.

आज जे सांगितले जाते ते बहुतेक दोन प्रसंगी. एक, निधी मंजूर झाल्यावर फ्लेक्सवर. दुसरे, भूमिपूजनाच्या भाषणात. या दोन्हींच्या मधली आणि नंतरची वाट मात्र अंधारात राहते. पाणीपुरवठ्याची एखादी योजना घ्या. आधी प्रस्ताव, मग तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निधीची तरतूद, निविदा, कार्यारंभ आदेश आणि मग खोदकाम. प्रत्येक पायरीवर वेगळी सही आणि वेगळी कचेरी. कधी जागेचा वाद असतो, कधी रेल्वेची किंवा वन खात्याची परवानगी अडलेली असते, कधी ठेकेदार निविदेलाच येत नाही. अंदाजपत्रकात तरतूद झाली म्हणजे पैसा हाती आला असे नसते. लोकांना या पायऱ्या समजत नाहीत असे मानणे हा त्यांचा अपमान आहे. उसाच्या बिलाचा हप्ता, पीककर्जाचे व्याज, सातबाऱ्यावरची नोंद यांचे बारकावे जाणणारा माणूस निविदेचे टप्पेही समजू शकतो. त्याला ते कोणी तरी सांगायला हवेत.

सांगता येत नाही असे तर मुळीच नाही. दर आषाढीला माउलींची पालखी नीरा ओलांडते, पादुकांना स्नान होते, सोहळा पाडेगावजवळ सातारा जिल्ह्यात येतो आणि लोणंदला विसावतो. लाखो वारकऱ्यांची ती सोय कशी होते? आधी आढावा बैठका होतात. टँकर कुठे भरायचे, वीज कोणी सांभाळायची, आरोग्य पथक कुठे, वाहतूक कोणत्या रस्त्याने वळवायची, हे खातेनिहाय ठरते आणि वर्तमानपत्रांतून जाहीर होते. पालखी तरडगावकडे निघाली, चांदोबाच्या लिंबाला उभे रिंगण झाले, की लोणंदकराच्या वाट्याला पुन्हा तीच विचारणा येते. वारीच्या मुक्कामासाठी जी शिस्त जमते, ती बारमाही राहणाऱ्या गावासाठीही जमली पाहिजे.

काय करता येईल? विधिमंडळाची वर्षाला तीन अधिवेशने होतात, दोन मुंबईत आणि हिवाळी नागपुरात. प्रत्येक अधिवेशनानंतर पंधरा दिवसांत आमदारांनी लोणंदमध्ये एक खुली सभा घ्यावी आणि दोन-चार पानांचे निवेदन वाटावे. त्यात आपल्या भागाचे कोणते प्रश्न मांडले आणि सरकारने काय उत्तर दिले ते असावे. विधिमंडळातली उत्तरे ‘हे खरे आहे’, ‘अंशतः खरे आहे’, ‘प्रश्न उद्भवत नाही’ अशा साच्यात येतात. त्या उत्तराचा आपल्या गावाला अर्थ काय, हे आमदारांनीच उलगडून सांगावे. आमदारांना स्थानिक विकासासाठी वर्षाला मिळणारा निधी २०२२ पासून ५ कोटी रुपये आहे. त्यातले कोणते काम, किती रुपयांचे, कुठे, याची यादी त्यात असावी. मोठ्या कामांचा टप्पा आणि जबाबदार कचेरी असावी. शेवटी, काय झाले नाही आणि का, हेही असावे. हे पान नगरपंचायतीत, एसटी स्टँडवर, वाचनालयात आणि बाजार समितीत लागले, की निम्म्या शंका जागेवर मिटतील.

लोणंद ज्या वाई मतदारसंघात येते, तिथले आमदार मकरंद पाटील २००९ पासून सलग निवडून येत आहेत आणि डिसेंबर २०२४ मध्ये ते मदत व पुनर्वसन मंत्री झाले. मतदारसंघाला मंत्रिपद मिळाले याचा आनंद आहेच. पण मंत्री सभागृहात उत्तरे देतो, तारांकित प्रश्न विचारत नाही. मंत्र्याचे दौरेही राज्यभर असतात. म्हणजे आमदार मंत्री झाला की मतदारसंघाशी लेखी संवादाची गरज वाढते. ही सूचना कोणा एका पक्षासाठी नाही. उद्या या जागी दुसरे कोणी आले तरी ती तशीच लागू राहील.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, आमदाराचे काम कायदे करणे, गटारे पाहणे नव्हे. तत्त्व म्हणून मान्य. पण गटाराच्या भूमिपूजनाला आमदार येत असतील, तर त्याच्या प्रगतीची माहितीही त्यांनी द्यायला हवी. दुसरा, आता सगळे व्हॉट्सॲपवर येते. येते ते सत्काराचे फोटो आणि उद्घाटनाची चित्रफीत. चार तासांत ते खाली जाते आणि उलट प्रश्नाला उत्तर नसते. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात गणपतराव देशमुखांना सांगोल्याने अकरा वेळा आमदार केले, ते पोस्टवर आलेल्या लाइक्समुळे नव्हे. एसटीने फिरणारा हा माणूस लोकांना भेटत असे, म्हणून.

वाचकांनाही एक विनंती. माहिती अधिकाराच्या कायद्यात कलम ४ प्रमाणे बरीच माहिती न मागता जाहीर करण्याचे बंधन कार्यालयांवर आहेच, ती नगरपंचायतीकडे जरूर मागा. पण पुढच्या भूमिपूजनाला टाळ्या वाजवण्याआधी तीन गोष्टी आमदारांना विचारा. हे काम कोणत्या खात्याचे? कार्यारंभ आदेश निघाला का? पूर्ण होण्याची तारीख कोणती? उत्तर लिहून घ्या आणि त्या तारखेला पुन्हा विचारा. मत देणाऱ्याचा हिशेब मागण्याचा हक्क मतदानाच्या दिवशी संपत नाही.