आधी भुसा, मग गॅस

परदेशीपुऱ्यातून शहराबाहेर पडलं की चैत्रात माळव्यातली गव्हाची कापणी दिसते. ट्रॅक्टरच्या केबिनमधला चालक मात्र घामाघूम! एसी गार होईना की 'गॅस भरा' हेच आधी सुचतं. पण हा गॅस डिझेलसारखा जळून संपत नाही. कमी झाला तर गळती असतेच. ती न शोधता गॅस भरणं म्हणजे पैसे वाऱ्यावर सोडणं. आधी इंजिन बंद करून कंडेन्सरच्या जाळीतला भुसा उलट बाजूने हवा मारून काढा, केबिनचा फिल्टर झाडा, पट्टा सैल नाही ना ते पाहा. तरीही गार होईना, तर मेकॅनिककडून गळती शोधून घ्या; नळ्या स्वतः खोलू नका. दार उघडं ठेवून भागवलं, तर धूळ थेट छातीत जाते.