तंबोऱ्यापुढे मोबाईल नको

घरातल्या जुन्या बंदिशी चित्रित करून यूट्यूबवर ठेवण्याची हौस हल्ली आपल्या ग्वाल्हेरातही वाढली आहे. हौस उत्तमच, पण त्यासाठी मोबाईल पुढे ठेवावा, हे मला पटत नाही. बहुतेक मोबाईल मंद स्वर आपणहून वर उचलतात आणि जोरकस तान खाली दाबतात. मींड विरत जाते तेथे तंबोराच उसळून येतो! गायकीची सारी शोभा ज्या चढउतारात, तोच हरपला तर पुढच्या पिढीने शिकावे काय?

त्यापेक्षा व्लॉगसाठीच केलेला छोटा कॅमेरा बरा. सोनीचा २०२० साली निघालेला झेडव्ही-१ पाहा. वजन अवघे २९४ ग्रॅम. पडदा बाजूला उघडतो, म्हणून गाणाऱ्याला आपली छबी दिसते. आणि मुख्य म्हणजे आवाजाची पातळी हाताने ठरवता येते. बॅटरी लवकर संपते, किंमतही शिकवणीच्या मिळकतीला जड, हे खरे. मग चार घरांनी मिळून एक घ्यावा. तंबोरा नाही का आपण शेजारून मागून आणत?

निराळे ॲप घातले की मोबाईलवरही हे साधते, असे तरुण मंडळी म्हणतात. साधत असेल, पण मध्येच कोणाचा फोन आला की चित्रण तेथेच तुटू शकते. ८० वर्षांच्या आजोबांना तोच विलंबित ख्याल पुन्हा गायला कोणत्या तोंडाने सांगावे?