शिक्का कोणाचा मानायचा?

२०१५ साली न्यूयॉर्क राज्यातील ओनोंडागा या मूलनिवासी राष्ट्राच्या भूमीवर परदेशी संघ उतरले, तेव्हा त्यांच्या पारपत्रांवर हॉडेनोशोनी महासंघाचा शिक्का उमटला. निमित्त होते पुरुषांच्या इनडोअर लॅक्रॉसच्या जागतिक स्पर्धेचे. अवघ्या पाच वर्षांपूर्वी, मैदानी लॅक्रॉसच्या मँचेस्टर येथील स्पर्धेच्या वेळी, याच महासंघाचे पारपत्र ब्रिटिश सरकारने नाकारले होते!

जाळीच्या काठीने चेंडू झेलण्या-फेकण्याचा हा खेळ मूळचा याच लोकांचा. गोऱ्यांनी त्याचे नियम लिहिले आणि १८८० मध्ये कॅनडात, प्रवासखर्चाला पैसे घेतात म्हणून ‘धंदेवाईक’ ठरवून, मूळ मालकांनाच स्पर्धांबाहेर काढले. पैशाचा विटाळ मात्र सोयीपुरताच होता. आइस हॉकीची सभागृहे उन्हाळ्यात ओस पडू नयेत, या मालकांच्या हिशेबातूनच १९३० च्या दशकात खेळाचे इनडोअर रूप पुढे आले. तेही हॉडेनोशोनींनी आत्मसात केले. २००३ पासून २०१९ पर्यंतच्या पाचही अंतिम सामन्यांत कॅनडापुढे उभा ठाकला तो त्यांचाच संघ. २००७ मध्ये हॅलिफॅक्सला तो अवघ्या एका गोलाने हरला.

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये लॅक्रॉस आहे. मान्यताप्राप्त राष्ट्रीय समिती नाही, म्हणून ऑलिंपिक समितीने या संघाला दार बंद ठेवले. खेळाडूंनी अमेरिकेकडून वा कॅनडाकडून खेळावे, हा तिचा सल्ला. ज्यांनी जमिनी गिळल्या त्यांचाच गणवेश चढवायचा, हा कोणता न्याय? २०२२ च्या वर्ल्ड गेम्समध्ये आयर्लंडने स्वतःची जागा सोडून हॉडेनोशोनींना वाट करून दिली होती. ऑलिंपिकच्या नियमांत तेवढीही फट नाही.